तरंगनाथांचा मौनमंत्र

कुंडल गावात भरतेशच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. ओट्यावर त्याचा बिनतारी संच आणि समोर पाटावर तरंगनाथ महाराज. संचातून उंब्रजच्या धनाजीचा आवाज येत होता, "नदी चढाय लागलीया..."

"गप!" महाराज गरजले.

संच गप झाला.

"बोल!"

धनाजी पुन्हा बोलू लागला. बायाबापड्यांनी हात जोडले.

भरतेश रीतसर परवाना काढून हौसेनं हा संच चालवायचा. पुरात मोबाइल बंद पडले, की वरच्या गावांची खबर याच डब्यातून यायची. पण यंदा संच दोनदा जळाला. दुरुस्त करून आणला, तर मध्येच बहिरा व्हायचा. शेवटी त्याच्या आईनं, गुणमालाबाईंनी, महाराजांना बोलावलं.

"पिशाच्च लय जुनं हाय," महाराज म्हणाले. "त्येला लहरींची भूक लागती. डबा मठात न्यावा लागंल. छपरावरची एरियलची काठी आजच उतरवा."

भरतेशनं छपराकडं पाहिलं. नदी चढत असताना काठी उतरवायची? पण आत्ताच तर संच महाराजांचं ऐकताना डोळ्यांनी पाहिलं होतं.

गर्दीतून नीलिमा मॅडम पुढं आल्या. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या, परवाना त्यांच्याकडंही होता. भरतेशनंच त्यांना संच बघायला बोलावलं होतं.

"महाराज, ह्यो मंत्र मला बी येतोय," त्या म्हणाल्या आणि पर्स सावरत ओट्याजवळ उभ्या राहिल्या. "गप!"

संच गप.

"बोल!"

संच बोलला.

"आगं बया, मॅडमच्या अंगात आलं!" गर्दीतली एक बाई ओरडली.

"अंगात न्हाई, पर्समध्ये," नीलिमा हसल्या. त्यांनी आतून वॉकीटॉकी काढला. "कानाशी कुणी बोंब मारली, तर लांबची हाक ऐकू येईल का? ह्याचं बटण दाबलं, की संचाच्या कानाशी बोंब. आता सांगा, 'गप' म्हणताना महाराजांचा हात झोळीत कशाला जातो?"

"झोळीत सिद्धी हाय! हात लावाल तर भस्म व्हाल!"

गुणमालाबाई उठल्या. "माज्या पोराचा डबा न्यायला निघालाव न्हवं? मग मी भस्म झाले तर होऊ द्या."

त्यांनी झोळी पालथी केली. विभूतीची पुडी पडली, अर्धा खाल्लेला पेरू पडला आणि पाठोपाठ एक वॉकीटॉकी. हशा पिकला. त्या गोंधळात महाराज अनवाणीच पसार झाले.

"पण मग संच जळाला कसा?" भरतेशनं विचारलं.

मॅडमनी शेजारच्या गच्चीकडं बोट केलं. "मदन, ती काठी कवा उभी केलीस?"

"पाडव्याला," शेजारचा मदन ओशाळला. "मी बी परवाना काढलाय न्हवं."

त्याची संदेश पाठवायची काठी भरतेशच्या काठीला जवळजवळ खेटून उभी होती. मदन बोलला, की सगळा जोर भरतेशच्या संचात घुसायचा. कधी संच बहिरा व्हायचा, कधी आतला नाजूक भाग जळायचा. पुस्तकात वाचलेलं भरतेशला आत्ता आठवलं आणि तो कानापर्यंत लाल झाला.

दुपारीच मदननं काठी शेताच्या कडेला नेली. मॅडमनी संचाच्या तोंडाशी दोन डायोड उलटसुलट जोडले. जादा जोर आत शिरण्याआधीच जमिनीकडं वळावा म्हणून. संध्याकाळी धनाजीची खबर स्वच्छ आली आणि नदीकाठच्या वस्तीनं जनावरं वेळेत वर काढली.

बाबांनो, न दिसणारी प्रत्येक गोष्ट भूत नसते. हात जोडण्याआधी एकदा विचारा, 'हे होतं कसं?' विचारल्यानं कुणाचा देव बाटत नाही.