चिंगीचे सोमवार

आमची कुत्री श्रावणी सोमवार धरते, ही बातमी बिल्डिंगमध्ये मी पसरवली नाही. ती सासूबाईंनी पसरवली. मी फक्त गप्प बसले, आणि त्याचं कारण श्रद्धा वगैरे काही नव्हतं. उल्हासनगरहून सुटून सव्वासातला बदलापूरला घरी पोचल्यावर कुणाशी वाद घालायची ताकद माझ्यात उरत नाही, एवढंच.

चिंगी गावठीच. पांढरी, पाठीवर तपकिरी डाग. सहा वर्षांपूर्वी आम्ही बदलापूरच्या शिरगावात राहायला आलो तेव्हा माझ्या नवऱ्याच्या, महेशच्या, स्कूटरखाली येऊन बसली होती. महेश म्हणाला, चार दिवस राहू दे. त्याचे चार दिवस नेहमी असेच असतात. तो अंबरनाथच्या कंपनीत शिफ्टला, मुलगी अक्षदा कॉलेजला, मग कुत्री कुणाच्या वाट्याला आली? दिवसभर सासूबाईंच्या, सकाळ-संध्याकाळ माझ्या. सासूबाई, म्हणजे बकुळाबाई, साताऱ्याकडच्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "घरात कुत्रं? माज्या भांड्याला तोंड लावलं तर मी न्हाई जेवायची." वर्षभरात तिच्यासाठी वेगळी चपाती लाटायला लागल्या, तीही तूप लावून. मला वीस वर्षांत कुणी तूप लावून चपाती दिलेली नाही, पण ते असो.

यंदा गटारीला घरात शेवटचं मटण झालं. चिंगीने तिच्या वाट्याची हाडं गॅलरीत नेऊन निवांत चघळली. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. आमच्याकडे त्या महिन्यात अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही, सासूबाईंचा तसा दंडकच आहे. पहिल्या सोमवारी चिंगीने सकाळची चपाती हुंगली, तोंड फिरवलं आणि देव्हाऱ्यापुढच्या गार फरशीवर जाऊन पडली. सासूबाई पूजेला बसल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं. चपाती तशीच, कुत्री देवापुढे. झालं.

"माधवी, ही आज जेवत न्हाई गं. सोमवार धरलाय हिनं."

"मटण नाही म्हणून रुसली असेल," मी म्हटलं आणि डबा घेऊन पळाले.

दुसऱ्या सोमवारी सासूबाईंनी तिच्यापुढे सकाळी काही ठेवलंच नाही. मुक्या जनावराला उपास मोडायला कशाला लावायचा, म्हणाल्या. संध्याकाळी स्वतःचा उपास सोडताना तिलाही वाढलं, तिने दोन घास खाल्ले. वरच्या मजल्यावरची नूतन कुंकवाची कुयरी घेऊन खाली आली, चिंगीच्या कपाळाला बोट लावलं, फोटो काढला आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. छत्तीस जणांनी हात जोडले. मग शनिवारही सुरू झाला. एरवी ती अर्धी चपाती टाकायची, तर त्याचंही उत्तर आमच्याकडे तयार होतं. मटणाची चटक लागलेलं तोंड, श्रावणात जरा वाकडं होणारच.

आता मला काय दिसत होतं ते सांगते, कारण मला दिसत होतं. चिंगीचं पाण्याचं पातेलं गॅलरीच्या दाराशी असतं. ते मी सकाळी एकदा भरायची आणि दिवसभर पुरायचं. श्रावणात ते तीनदा भरावं लागायला लागलं, सकाळी, निघताना आणि आल्यावर. आमच्याकडे पाणी सकाळी तासभर येतं, तेवढ्यात सगळ्या घराचं भरायचं, त्यात हिचं. वर ही सोफ्यामागे लघवी करायला लागली, जी पिल्लू असल्यापासून कधी केली नव्हती. ती पुसायची कुणी? मी. मी पुसत होते आणि तिला शिव्या देत होते. दुखणं माझ्या हातातल्या फडक्यात होतं, आणि मला ते फक्त वाढलेलं काम वाटलं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी महेशलाही सांगितली नव्हती. रोज मी दारात चप्पल काढायच्या आधी चिंगी खुंटीखाली बसलेली असायची. खुंटीवर तिचा पट्टा. तो हातात घेईपर्यंत ती हलायची नाही, मग माझे पाय कितीही तुटत असोत, शिरगावच्या रस्त्याने एक चक्कर मारावीच लागायची. श्रावणात ती खुंटीखाली बसेनाशी झाली. कोपऱ्यात पडून डोळ्यांनीच माझ्याकडे बघायची. मी तशीच पलंगावर आडवी व्हायचे. दहा मिनिटं, कधी पंधरा. शहाणी झाली गं चिंगी आता, असं मी तिला म्हणायचेसुद्धा. मला खरंच बरं वाटत होतं.

यात हसण्यासारखी गोष्ट अशी की माझी नोकरीच चुका शोधायची आहे. उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात गाऊन शिवायच्या कारखान्यात मी चेकिंगला बसते. दिवसाला तीनशे गाऊन हाताखालून जातात. कुठे टाका सुटलाय, कुठे बाही आखूड आहे, माझं बोट बरोबर तिथे थांबतं. कारखान्याच्या सिंधी मालकीणबाई, लाजवंती आंटी, नव्या बायकांना सांगतात, माधवी के हाथ से कुछ नहीं छूटता.

तिसऱ्या सोमवारनंतरच्या बुधवारी दुपारच्या चहाला मी आंटींना चिंगीच्या उपासाची गोष्ट सांगितली. गंमत म्हणूनच, नूतनचा फोटो वगैरे दाखवून. बाकीच्या बायका हसल्या. आंटी हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावून फोटो जवळ घेतला.

"पेट देखो इसका," त्या म्हणाल्या. "पानी किती पिते?"

"खूप. तीनदा भरते मी."

"ऑपरेशन केलंय? पिल्लं नाय होण्याचं?"

"नाही. राहूनच गेलं."

"हीट में कब थी?"

मी मनात मोजलं. आषाढाच्या सुरुवातीला माजावर होती. दीड महिना.

आंटींनी कप खाली ठेवला. "मेरी डॉली को यही हुआ था. बच्चेदानी में पस. आम्ही बोललो गर्मी आहे, म्हणून पानी पिते. चौथ्या दिवशी गेली." त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. "तू अभी के अभी जा. माझ्या डॉक्टरचा नंबर देते. गाऊन कहीं भाग नहीं रहे."

मी जिन्यातूनच घरी फोन लावला. महेशचा फोन शिफ्टमध्ये बंद असतो, अक्षदा उचलत नव्हती, म्हणजे सासूबाईच. त्यांना म्हटलं, रिक्षा करा आणि चिंगीला घेऊन उल्हासनगरला या, तिचा उपास नाही तो, ती आजारी आहे.

"कोन म्हणतं?"

"आंटी म्हणतात."

"त्या सिंदीन बाईला काय ठावं आमच्या सोमवाराचं? उगा मुक्या जिवाच्या उपासाला नावं ठिवू नगा." आणि फोन ठेवून दिला.

मला इतका राग आला की जिन्यातच बसले. राग त्यांचा, महेशचा, नूतनच्या कुयरीचा. मग विचार केला, स्वतःच जावं. बदलापूरला जायचं, तिला घेऊन परत यायचं, दोन तास कुठेच गेले नाहीत. तेवढा वेळ तिच्याकडे आहे की नाही, ते मला माहीत नव्हतं. स्टेशनच्या दिशेने निम्मी वाट चालले असेन, फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडून रिक्षाचा आवाज आणि सासूबाई.

"कुटं यायचं त्ये ह्या पोराला सांग."

"निघालात?"

"तुजा फोन ठिवला आन् चपाती चुरली. गूळ घातला, तूप घातलं. तिच्या तोंडापुढं धरली. आज बुदवार हाय, माधवी. बुदवारचा उपास कोन करतंय? न्हाई खाल्ली तिनं. हुंगलीबी न्हाई."

दवाखान्याच्या दारात मी अर्धा तास उभी होते. रिक्षा आली तेव्हा चिंगी सासूबाईंच्या मांडीवर, त्यांच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. रिक्षावाला कुत्रं घ्यायला तयार नव्हता म्हणे. सासूबाईंनी त्याला सांगितलं होतं की ही सोमवार करणारी आहे, हिला खाली उतरवलंस तर तुझं तू बघ.

डॉक्टर प्राची तिशीच्या असतील. त्यांनी चिंगीचे ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, ताप घेतला, पोटावर हलका हात ठेवला. चिंगी कण्हली. तिचं पोट असं फुगलेलं होतं आणि मी म्हणत होते, आराम करून जाड झाली.

"पाणी कधीपासून जास्त पिते?"

"तीन आठवडे," मी म्हटलं.

"खाणं कधी कमी झालं?"

"पयल्या सोमवारपासनं," सासूबाई म्हणाल्या.

"घरात लघवी? सारखी झोपून? फिरायला नको म्हणते?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. पाण्याचं त्यांना माहीत नव्हतं, कारण ते मी भरते. खाण्याचं मला धड माहीत नव्हतं, कारण ते त्या वाढतात. फिरण्याचं फक्त मला माहीत होतं. दोघी एकदा पाच मिनिटं बसून बोललो असतो, तर सगळं समोर आलं असतं. पण आम्ही दोघी बसून बोलतो कधी?

सोनोग्राफी झाली. आंटी म्हणाल्या तेच निघालं. गर्भाशयात पू भरलेला, तोंड बंद असल्यामुळे बाहेर काहीच दिसलं नव्हतं. आजच ऑपरेशन.

"वाचंल का?" सासूबाईंनी विचारलं.

"आत्ताच सांगता येणार नाही, आजी. पहिल्या आठवड्यात आणली असती तर इतकी काळजी वाटली नसती. पण उद्यावर टाकली नाहीत, तेही बरं केलंत."

मी सही केली. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. समोर एकाचा पोपट पिंजऱ्यात, एकाचं मांजर पिशवीत. सासूबाईंच्या मांडीवर रिकामं लुगडं होतं, त्याच्या त्या घड्या घालत होत्या आणि मोडत होत्या. मग मला राहवेना.

"मला बरं वाटत होतं," मी म्हटलं. "ती फिरायला मागत नव्हती म्हणून. मी पडून राहायचे. मला कळत होतं काहीतरी वेगळं आहे. पण मला पडायचं होतं."

त्या माझ्याकडे बघतील असं वाटलं, पण त्या लुगड्याकडेच बघत राहिल्या.

"मला काय कळत न्हवतं?" त्या म्हणाल्या. "आयुष्यात चार कुत्री सांभाळली, धा म्हशी सांभाळल्या. जनावर वैरण सोडतं तवा काय समजायचं, हे मला शिकवाय पायजे? पर नूतन खाली यायला लागली. वरच्या बायका यायला लागल्या. सकाळी तुमी समदी जाता, दार लावलं की संपलं. हिच्यामुळं दार वाजायला लागलं बग. म्हनून मी उपास उपास करत बसले."

मला रडू आलं. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर रडले. त्यांनी लुगड्याचा पदर पुढे केला. त्याला कुत्र्याचा वास येत होता. मी डोळे पुसले.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आल्या. ऑपरेशन झालं होतं, पण पुढचे तीन दिवस महत्त्वाचे होते. गुरुवारी ती डोळे उघडून परत मिटायची. शुक्रवारी शेपटीचं टोक हललं. शनिवारी घरी आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता हिने खायला लागलं पाहिजे, खाल्लं नाही तर पुन्हा ॲडमिट करा. उकडलेलं अंडं द्या, त्याने तोंड उघडेल. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी घरी येऊन तांदूळ धुतले. मऊ भात केला, दूध दिलं, गूळ दिला. चिंगीने शनिवारी काही खाल्लं नाही. रविवारीही नाही.

सोमवारी, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी, मी पाणी भरून स्वयंपाकघरात आले तर गॅसवर पातेलं होतं. आत अंडं उकळत होतं. शेजारी पूजेचं ताट. सासूबाई आंघोळ करून, ओल्या केसांनी, पातेल्याकडे बघत उभ्या. दुकान उघडायच्या आत जाऊन त्यांनी वाण्याला उठवलं होतं.

दार वाजलं. नूतन कुयरी घेऊन उभी. "आजी, शेवटचा सोमवार ना. चिंगीला कुंकू लावते." मग तिला वास आला आणि ती थबकली.

"हिला कुंकू नगं, बाई," सासूबाई म्हणाल्या. "हिचा उपास न्हवताच. हिला दुखत हुतं, आन् आमी हात जोडत हुतो. लावायचं आसंल तर मला लाव. माजा उपास हाय आज."

त्या फरशीवर बसल्या. अंडं सोलून बोटांनी कुस्करलं आणि चिंगीच्या तोंडापाशी हात नेला. चिंगीने हुंगलं. नूतन आणि मी वाकून बघत होतो. मग तिने एकदा जीभ लावली. मग परत. सासूबाईंचा तळहात चाटून स्वच्छ केला, तरी त्यांनी हात काढला नाही.

त्या दिवशी कारखान्यात तीनशेच्या वर गाऊन झाले. संध्याकाळी घरी आले तेव्हा पाय जागेवर नव्हते. दार उघडलं, एक चप्पल काढली. चिंगी कोपऱ्यातून उठली. टाक्यांमुळे वाकडी चालत, मध्ये एकदा थांबत, खुंटीखाली येऊन बसली आणि वर बघायला लागली.

"मेले, थांब जरा," मी म्हटलं आणि काढलेली चप्पल परत पायात घातली.