फेकायचं काम तुझं

श्रीधर सरांनी सत्यवतीच्या हातून चेंडू काढून घेतला, तो दिवस मला अजूनही शांतपणे सांगता येत नाही. तरी सांगते.

साल एकोणऐंशी, डिसेंबर महिना. मुलींच्या सॉफ्टबॉलचा अंतिम सामना होता, आमची नागपूरची टीम आणि समोर वर्ध्याची. मैदान अमरावती रोडला लागून. वाडीच्या गोदामांकडे जाणारे ट्रक शेजारून धडधडत जायचे आणि त्यांची धूळ आमच्या तोंडात. सत्यवती आमची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. मी, नीला, कॅचर. फलंदाजाच्या मागे उकिडवी बसून तिचा चेंडू झेलणारी. ती खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीतून बसने यायची, मी शहरातल्या महाल भागातून सायकलने.

सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून टाकतात, अख्खा हात चाकासारखा फिरवून. सत्यवतीचा वेगाचा चेंडू आला की ग्लोव्हच्या आत माझा तळवा लाल व्हायचा. पण तिची खरी करामत होती हळू चेंडूत. हात तसाच गरगर फिरायचा, चेहरा तसाच दगडासारखा, आणि चेंडू मात्र रेंगाळत यायचा. तोवर समोरचीने बॅट फिरवून टाकलेली असायची. मग ती बॅटकडे अशी बघायची, जणू बॅटनेच दगा दिला.

कधी वेगाचा आणि कधी हळू, सगळा खेळ या ठरवण्यात असतो. आणि ते ठरवणं आमचे प्रशिक्षक श्रीधर सर यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. बाकावर बसून त्यांनी टोपीला हात लावला की वेगाचा, कॉलर नीट केली की हळू. ती खूण बघून मी मांडीआड बोटं दाखवायची आणि सत्यवतीने टाकायचा. सरांनी आम्हाला हातात बॅट कशी धरायची इथपासून शिकवलं होतं, हे मी नाकारत नाही. पण आम्ही शिकलो, हेच त्यांना कधी दिसलं नाही.

पहिल्या दोन इनिंग बऱ्या गेल्या. तिसरीत काहीतरी बिनसलं. वर्ध्याच्या मुली हळू चेंडूला फसेनात. चेंडू हातातून सुटायच्या आधीच त्या टाचेवर भार टाकून वाट बघत उभ्या असायच्या, आणि आरामात ठोकायच्या. बघता बघता त्यांनी आमची आघाडी खाल्ली.

इनिंग संपली तशी सत्यवती माझ्याजवळ आली.

"नीला, ती तिसऱ्या बेसजवळ उभी असते नं, त्यांची सिंधूताई? सरांनी कॉलर धरली का टाळ्या वाजवते. टोपी धरली का नुसती 'चल वं' म्हणून ओरडते. ती खुणा वाचून राहिली वं आपल्या."

सिंधूताई वर्ध्याच्या प्रशिक्षक; आपली फलंदाजी असली की प्रशिक्षकाला बेसजवळ उभं राहता येतं. मी पुढच्या वेळी नीट पाहिलं. अगदी तसंच होतं. आम्ही दोघी सरांकडे गेलो.

"सर, खुणा बदला," सत्यवती म्हणाली. "त्यांले सगळं समजून राहिलं."

सरांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. "तुझा चेंडू आज पडत नाहीये, म्हणून कारणं शोधतेस. पंधरा वर्षं याच खुणांवर जिंकतोय मी."

"सर, तुम्ही एकदा त्या बाईकडे पाहा तर खरं..."

"सत्यवती!" सर सगळ्यांदेखत ओरडले. "फेकायचं काम तुझं. डोकं माझं."

तिचा चेहरा काळवंडला. माझीही कानशिलं तापली होती. ती तशीच मैदानात गेली आणि रागाच्या भरात एकामागून एक सरळसोट वेगाचे चेंडू टाकत सुटली. रागाने टाकलेल्या चेंडूत जोर असतो, पण तो कुठे जाणार हे आंधळ्यालाही कळतं. त्यांच्या एका मुलीने तो थेट रस्त्याच्या कुंपणापलीकडे मारला.

मी खेळ थांबवून तिच्याकडे गेले.

"तू सरांवर चेंडू फेकून राहिलीस," मी म्हटलं. "समोर वर्ध्याची पोरगी उभी आहे."

"मंग का करू? गिळू काय राग?"

"गिळू नको. पण त्या पोरीला दिसू देऊ नको. आणि ऐक. सिंधूताईला खुणा वाचायच्यात ना, वाचू दे. मी बोटं उलटी दाखवते. सर कॉलर धरतील तेव्हा वेगाचा."

 ती पाठ वळवून रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. एक मालाचा ट्रक अगदी दिसेनासा होईपर्यंत तिने चेंडू मातीत घासला, श्वास खाली बसू दिला, आणि वळली. चेहरा पुन्हा दगडासारखा.

सरांनी कॉलर धरली. सिंधूताईंनी टाळ्या वाजवल्या. फलंदाज टाचेवर रेलली आणि सत्यवतीचा वेगाचा चेंडू तिची बॅट हलायच्या आत माझ्या ग्लोव्हमध्ये आदळला. पुढचीच्या वेळी सरांनी टोपी धरली, ती वेगाच्या चेंडूसाठी पुढे झेपावली, तिला हळू चेंडू मिळाला, ती स्वतःभोवतीच गिरकी घेऊन पडता पडता वाचली. मग आमच्याही मुलींच्या अंगात आलं. आम्ही पुन्हा एका धावेने पुढे गेलो.

शेवटची इनिंग. वर्ध्याच्या दोघी बाद, एक बेसवर. अजून एक बाद केली की सामना आमचा. फलंदाजीला त्यांची डावखुरी आली, सगळ्यात तडाखेबंद. सरांनी टोपीला हात लावला, मी हळू मागितला, आणि तिची बॅट हवेत फिरली. आमच्या मुली ओरडल्या. सर मात्र बाकावरून उठले. एरवी खूण देऊन ते धावांच्या वहीत डोकं घालायचे; या वेळी त्यांनी चेंडू पाहिला आणि त्यांना कळलं, की त्यांच्या मनाविरुद्ध चाललंय.

ते तरातरा मैदानात आले. "चेंडू दे."

"सर, जिंकून राहिलो आपण!" सत्यवती म्हणाली.

"चेंडू दे इकडे."

"सर, खुणा मी उलट्या दिल्या," मी मध्ये पडले. "तिची चूक नाही. काढायचं तर मला काढा."

"तुझं नंतर बघतो," सर म्हणाले. मला काढलं असतं तर मागे बसायला दुसरी कॅचर नव्हती, एवढाच काय तो माझ्यावरचा मेहेरबानीचा भाग.

त्यांनी तिच्या मुठीतून चेंडू ओढून घेतला. तिने बोटं सैल केली नव्हती, तरी ओढला. राखीव पिचर शोभाला बोलावलं आणि मला ऐकू येईल असं तिला बजावलं, "माझ्याकडे बघ. नीलाकडे बघायचं नाही."

 सरांनी टोपी धरली. तिसऱ्या बेसवरून "चल वं!" ऐकू आलं. मी जिवाच्या आकांताने हळू मागत होते, पण शोभाने माझ्याकडे पाहिलंच नाही. वेगाचा चेंडू आला आणि डावखुरीने तो कुंपणापार भिरकावला. दोन धावा. मग आमच्या मुली फलंदाजीला आल्या आणि एकही धाव न करता परत गेल्या. सामना गेला.

बक्षीस समारंभाच्या आधी सिंधूताई स्वतः आमच्याकडे आल्या. सरांच्या समोरच सत्यवतीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुले काढलं म्हणून आमी वाचलो, पोरी. मधातच तुमच्या खुणा उलट्या झाल्या तवा आमाले काई सुचत नव्हतं."

सर म्हणाले, "खेळात शिस्त मोठी असते." आणि निघून गेले.

आठवड्याने सरावाला सरांनी नव्या खुणा सांगितल्या. कान आणि नाक. त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. सत्यवतीने ग्लोव्ह काढून खाली ठेवला.

"काय टाकायचं ते मी अन् नीला ठरवू. नाही तर दुसरी पाहा."

"मग दुसरी पाहतो," सर म्हणाले.

ती निघाली. मीही पॅड सोडले आणि तिच्यामागे गेले. पुढच्या स्पर्धेत नागपूर पहिल्याच सामन्यात हरलं. मग सरांनी शोभाबरोबर निरोप पाठवला, की या, तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही गेलो. खेळलो, बरेच जिंकलो, काही हरलो. सर सत्यवतीशी थेट कधी बोलले नाहीत, तीही नाही. माफी त्यांनी मागितली नाही आणि तिला दोन वर्षं विदर्भाच्या संघातही घेतलं नाही. निवड समितीवर तेच होते.

अठ्ठ्याऐंशी साली सर निवृत्त झाले. सत्कारात मनोहरराव नावाचे कुणी पाहुणे व्यासपीठावरून म्हणाले, "श्रीधर सरांनी आपल्या मुलींना स्वतःच्या डोक्याने खेळायला शिकवलं."

"खोटं आहे," माझ्या शेजारून सत्यवती म्हणाली. हळू नाही, सभागृहाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

माना वळल्या. सरांनी वरून तिच्याकडे पाहिलं, तीही बघत राहिली. मग सरांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि मनोहररावांनी भाषण पुढे चालू केलं.

"चाल वं," सत्यवती म्हणाली. "मले इथं बसवत नाही."

आम्ही दोघी उठलो. मागे जेवणाची पंगत होती, आम्ही थांबलो नाही.