तळ्याकाठी तोंड बंद

मी पार्लर चालवते. हातात कात्री असली की तोंड चालायलाच हवं, नाहीतर गिऱ्हाईक पेंगतं. अशा बाईने अवाक्षर न काढता पक्षी मोजायचे म्हणजे छळच की! पण एकदा दुर्बिणीतून बगळा पाहिला आणि मला वेडच लागलं.

गेल्या खेपेला तळ्यावर बदकं दिसली आणि मी "अगंबाई!" म्हणून ओरडले. मोजायच्या आत सगळा थवा पसार. आमच्या गटाच्या म्होरक्या म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. त्यांनी बजावलं, मोजणी चालू असताना पुन्हा तोंड उघडलंस तर गटातून नाव कापीन, भावाची बायको असलीस तरी.

म्हणून आज मी मूग गिळून बसले होते. शेजारी स्टुलावर वन्सं, दुर्बीण पलीकडच्या काठावर रोखलेली. नाल्याचं घाण पाणी तळ्यात यायचं थांबलं, तेव्हापासून वन्सं खंड्या पक्ष्याची वाट बघताहेत. आणि आमचा नियम असा, की पक्षी दोघांनी पाहिला तरच मोजणीत धरायचा.

आणि आला की मेला! पलीकडे नाही, वन्संच्या पाठीमागे, त्यांनीच चिखलात रोवलेल्या काठीवर. निळाशार, चोचीत मासा. काखेत कळसा नि गावाला वळसा! पण बोलले तर तो उडणार आणि मी गटाबाहेर. वन्संना हलवलं तर त्या वळणार, तरी तो उडणारच.

हळूच पर्समध्ये हात घातला. गिऱ्हाइकाला मागचे केस दाखवायचा छोटा आरसा काढला आणि वन्संच्या दुर्बिणीपुढे धरला. त्यांनी दुर्बीण खाली घेतली आणि खाऊ की गिळू असं माझ्याकडे बघितलं. मी आरसा जरासा तिरका केला.

वन्संनी आत पाहिलं. आणि स्वतःच्या लग्नातसुद्धा कधी मोठ्याने न हसलेली ही बाई ताडकन उभी राहून किंचाळली, "खंड्या! अगं, खंड्या आला!"

खंड्या अर्थातच उडाला. पण दोघींनी पाहिला होता!

वन्संनी जीभ चावली, मग पदराने डोळे टिपले. नाव कापायची भाषा कुठल्या कुठे गेली.

"डोळेच भरून आले, नीट दिसला नाही गं मला," त्या म्हणाल्या. "कसा होता, सांग ना."

घर येईपर्यंत मी बोलत होते. वन्संनी एकदाही गप्प केलं नाही.