टॉवरच्या वरचा गॅस

माझे बाबा, नीलकंठ, बारुदाच्या कारखान्यातून रिटायर झाले, पण अंगवळणी पडलेलं गेलं नाही. तिथे गेटवर काडेपेटी काढून द्यावी लागे. बाबा अजूनही कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या घरात शिरण्याआधी खिसे उलटे करून पाहतात.

मला रिफायनरीत नोकरी लागली तेव्हा त्यांनी एका वाक्यात विषय संपवला. तेल म्हणजे बारूदच, पोरीला तिथे धाडायचं नाही. मीही त्यांचीच मुलगी. जाणार म्हणजे जाणार असं सांगून रोज जेवताना रिफायनरीचं काम समजावत त्यांचं डोकं खाल्लं. कच्चं तेल भट्टीत तापवून उंच टॉवरमध्ये सोडतात. कार्बनची साखळी जितकी लांब तितकं तेल जड. डांबर तळाशी, मग डिझेल, रॉकेल, पेट्रोल आणि सगळ्यात वर स्वयंपाकाचा गॅस, म्हणजे प्रोपेन-ब्युटेन. बाबा मान खाली घालून वरणभात कालवत राहायचे. भिंतीशी बोललेलं बरं, असं वाटून मी चिडायचे.

जायच्या आदल्या संध्याकाळी आईने सिलिंडर बदलला आणि वास सुटला. मी धावत जाऊन रेग्युलेटर काढला आणि पंख्याच्या बटणाकडे गेलेला आईचा हात धरला. बाबांनी स्टुलावर चढून वरचा झरोका तेवढा उघडला आणि निश्चिंत झाले. पलीकडच्या खोलीत जमिनीवर समई जळत होती. मी ती ओल्या फडक्याने विझवली आणि दारं सताड उघडली.

"बाबा, हा गॅस हवेपेक्षा जड असतो. खाली बसतो."

बाबा स्टुलावरच थबकले. "काहून? तूच तर सांगून राहिली होती, टॉवरमध्ये हा सगळ्यात वर जाते म्हणून."

म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला रडूच आलं. टॉवरमध्ये बाकीच्या तेलांची वाफ वाटेतच गार होऊन तिचे थेंब होतात, याचे होत नाहीत, म्हणून हा वर पोचतो. घरात मात्र याची गाठ हवेशी असते. एवढं सांगितलं. ते स्टुलावरून खाली उतरले.

सकाळी आईने माझ्या बॅगेत निरांजन, वाती आणि काडेपेटी ठेवली. स्टेशनला निघताना बाबांनी दारातच बॅग उघडली, काडेपेटी काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"हे घरीच राहू दे, प्रणोती. ड्यूटीवर जाऊन राहिली तू."