जवसाच्या तेलाचा थेंब

“काढा बाहेर. जे असेल ते असेल,” शेखर सर म्हणाले.

मंजुषाने पेटीचं झाकण उचललं. आत मिठाच्या पाण्याचं धुकं कोंडलं होतं आणि त्यात आठवडाभर लोखंडाच्या दोन पट्ट्या उभ्या होत्या. दोन्ही रंगवलेल्या, दोन्हींवर तिनेच सुरीने ओरखडा काढलेला. एकीवर साधा रंग. दुसरीच्या रंगात तिने खसखशीहून बारीक कुप्या मिसळल्या होत्या, प्रत्येक कुपीत जवसाच्या तेलाचा थेंब. ओरखडा पडला की कुप्या फुटाव्यात, तेल चिरेत उतरून सुकावं आणि रंगाने आपली जखम आपणच भरावी, एवढंच तिला हवं होतं.

अंबडच्या त्या रंगाच्या कारखान्यात दोन वर्षं ती याच्या मागे होती. कधी कुप्या ढवळतानाच फुटत, कधी एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा होई. आता नाही जमलं तर काम बंद, असं वरून सांगून झालं होतं.

साधी पट्टी ओरखड्याभोवती गंजून तांबडी झाली होती. मंजुषाने दुसरी धुतली, पुसली, खिडकीपाशी नेली. जखमेच्या जागी नुसती फिकट रेघ. गंजाचा ठिपकाही नव्हता.

सरांनी चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. “पेढे मी आणतो,” ते म्हणाले.

“सर, आजच्या दिवस ही घरी नेऊ?”

“न्या. उद्या परत आणा म्हणजे झालं.”

संध्याकाळी ती थेट फुलबाजारात गेली. तिच्या सासूबाई, कलाबाई, तिथे मळ्यातला झेंडू विकत. मंजुषाचं एम.एस्सी. पुरं व्हावं म्हणून फुलतोडणी त्यांनी एकटीने अंगावर घेतली होती.

“आई, जमलं.”

कलाबाईंनी हात पदराला पुसले, पट्टी घेतली, अंगठा फिरवला. “कुठं खरचटलं व्हतं?”

“ही रेघ बघा.”

“हाताला तर लागत नाय.”

“आतलं तेल आलं ना. आपोआप भरलं.”

“आपोआप कसं? तू घातलं म्हणून आलं.”

मंजुषा हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. “थांबा जरा,” कलाबाई त्याला म्हणाल्या आणि पट्टी शेजारच्या अक्काबाईकडे दिली.

“माझ्या सुनेनं केलंय. दोन्ही हातांनी धर.”