टिश्काच्या खिंडीपर्यंत

"हद्दू, हिची जीभ दुखत नाही का रे? तिंगीर सोडल्यापासून चालूच आहे. डावीकडे ट्रक, उजवीकडे गाढव, पुढे बकऱ्या. आम्हाला काय डोळे नाहीत?"

माझा ड्रायव्हर हद्दू, त्याची थोरली बहीण तुडा मागच्या सीटवरून भावजयीबद्दल हे पुटपुटली, ते अगदी माझ्या काचेला नाक लावून. म्हणून मला नीट ऐकू आलं.

मित्रांनो, मी एक जुनी टॅक्सी आहे. माझा जन्म जर्मनीतला, पण तिथलं मला फारसं आठवत नाही. सारं आयुष्य गेलं मोरोक्कोच्या दक्षिण भागात, तिंगीर गावच्या टॅक्सी-अड्ड्यावर. पुढे ड्रायव्हरशेजारी दोन आणि मागे चार, अशी सहा माणसं भरल्याशिवाय मी हलत नसे. टपावर मेंढ्या, डिकीत खजुराच्या पेट्या. चारी दारांच्या काचा खाली-वर करायला दांडा एकच, तोही हद्दूच्या खिशात. ज्याला वारा हवा त्याने तो मागून घ्यायचा, काच उतरवायची आणि मुकाट्याने परत करायचा. एकदा दादेसच्या वाटेवर माझ्या मागच्या सीटवर एक बाई बाळंत झाली. तेव्हा महिनाभर सगळा अड्डा माझं कौतुक करत होता.

पुढे गार हवेच्या नव्या गाड्या आल्या आणि उतारू तिकडे वळले. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. मीसुद्धा कुणाचे तरी उतारू पळवलेच होते. हद्दू मात्र मला सोडेना. रोज सकाळी बोनेटवरची धूळ तो स्वतःच्या बाहीने पुसायचा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे समोरून येणारा ड्रायव्हर दिवे लावून-विझवून दाखवतो. म्हणजे पुढे पोलीस उभे आहेत, हळू घे. हद्दूने एकदा दिवे पाहिलेच नाहीत. मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. त्यानंतर तिंगीरचे ड्रायव्हर त्याच्यासाठी दिव्यांऐवजी हॉर्न वाजवू लागले. तसं कुणी ठरवलं नव्हतं, आणि कुणी त्याबद्दल चकार शब्दही काढला नाही.

त्याच सुमाराला त्याची बायको इत्तो पुढच्या सीटवर येऊन बसू लागली. घरी करमत नाही, असं तिने शेजारणींना सांगितलं. आता मी पाचच उतारू घेई, आणि इत्तो बोलत राही. "अगबाई, पांढरा ट्रक केवढा भरलाय." "ही म्हातारी बघा, रस्त्याच्या मधोमध उभी राहून गप्पा मारतेय." हद्दू नुसतं हूं म्हणायचा आणि स्टिअरिंग वळवायचा.

मी जाणून होते. पण हद्दूने काम सोडलं की मी भंगारात जाणार, हेही मी जाणून होते. म्हणून मीही गप्प.

तर तुडाच्या नातवाचं लग्न माराकेशला निघालं. डिकीत आहेराचे साखरेचे सुळके, निळ्या कागदात गुंडाळलेले. मागे तुडा आणि तिचा नवरा मोहा, दोघांनी मिळून चौघांची जागा व्यापलेली. वारझाझात शहर मागे पडलं आणि आम्ही अग्विमला चहाला थांबलो.

"वन्सं, मी बोलले नाही तर ह्यांना पेंग येते," इत्तो म्हणाली.

"तुझं ऐकूनच येत असेल," तुडा म्हणाली. "उद्या मांडवात नवरीलासुद्धा रस्ता सांगशील, डावीकडे सासू आहे म्हणून."

मोहा हसला. बहिणीसमोर हद्दूलाही काहीतरी म्हणावंसं वाटलं. "काय करू ताई, रेडिओला बटण असतं. हिला नाही."

इत्तोने पेला खाली ठेवला. "सापडलं समजा बटण," ती म्हणाली.

तिथून टिश्काच्या खिंडीची चढण लागते. वळण संपत नाही तोवर दुसरं वळण, आणि कडेला दरी. ऊन समोरून येत होतं. इत्तो ओठ मिटून बसली होती.

"किती शांत वाटतंय," मागून तुडा म्हणाली.

हद्दूने वेग कमी केला. आणखी कमी केला. माझं उजवं चाक डांबर सोडून खडीवर गेलं, परत आलं, मग पुन्हा गेलं. मित्रांनो, गोष्टींतल्या गाड्या आपण होऊन वळतात. मला तसं येत नाही. मला वळवतील तिकडेच मी जाते. इत्तोने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तिने हद्दूकडे पाहिलं. तो मान ताठ करून बसला होता, म्हणून तिने ते मिटलं.

वळणावरून ट्रक आला. हॉर्न ऐकून हद्दूने करकचून ब्रेक दाबला. ट्रक आरशाला घासून निघून गेला. आम्ही दरीच्या कडेला उभे होतो, आणि इत्तोचा हात स्टिअरिंगवर होता.



"इंजिन तापलं असेल," मोहा म्हणाला.

"तापणारच," तुडा घाईघाईने म्हणाली. "केवढी जुनी गाडी. उतरा रे, पाणी घाला तिला."

माझं इंजिन मुळीच तापलं नव्हतं. मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, पुसा, जपा, हे तर मी सांगेनच. पण आणखी एक मागणं आहे. माणसाचं दुखणं आमच्या नावावर खपवू नका. आम्ही ते निमूट घेतो आणि माणूस तसाच राहतो.

हद्दूने किल्ली फिरवून मला बंद केलं. किल्ली काढून त्याने इत्तोच्या मांडीवर ठेवली.

"इंजिन चांगलं आहे, ताई," तो म्हणाला. "मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. इत्तो सांगते तेवढाच रस्ता मला दिसतो."