चटईखाली

सेमिसीला भिंती बांधायची अवदसा आठवली आणि तिथूनच सगळं बिघडलं, असं आमच्या बेटावरच्या गावात अजून बोलतात. आमच्याकडे घर म्हणजे खांब आणि वर छप्पर. कोण जेवतंय, कोण रडतंय, कुणाच्या पोराला फटके पडतायत, सगळं रस्त्यावरून दिसतं. पण सेमिसीच्या मेव्हण्याने ऑकलंडहून भाच्यासाठी व्हिडिओ गेमचं यंत्र पाठवलं, ते खाऱ्या वाऱ्यात टिकेना, म्हणून सेमिसीने घराच्या मागे विटांची खोली काढली. दार लावलं, एसी बसवला. सबंध गावात आतून कडी घालता येईल अशी ती एकच खोली. सेमिसीला तिचा भारी अभिमान होता, हे कशाला लपवा!

त्याचा पोरगा फलानिको, सोळा वर्षांचा. शाळेतून आला की खोलीत. सोबत त्याचा जिवलग दोस्त तोमासी, गावातल्याच इओसेफोचा धाकटा. संध्याकाळी प्रार्थनेचा शंख वाजला की गाव जिथल्या तिथे बसतं. न बसणाऱ्याला हाकायला तरणी पोरं काठ्या घेऊन रस्त्यावर उभी असतात. पण बंद दाराआड कोण बसलंय नि कोण नाही, कुणाला कळणार? पेनिना, सेमिसीची बायको, एकदोनदा कुरकुरली होती.

"अहो, पोरगं देवाचं नाव घ्यायलासुद्धा बाहेर येत नाही."

"घरात आहे ना? दारू पिऊन रस्त्यावर तर पडत नाही! बाकीच्यांची पोरं बघ जरा."

पेनिना चुलीकडे वळली. खरं सांगायचं तर तिलाही ते बरंच वाटत होतं.

आणि मग तो शुक्रवार आला. दोघांची खेळता खेळता जुंपली. तोमासीने त्याला हरवलं, हसून चिडवलं आणि तो बाहेर पळाला. फलानिको मागे धावला. अंगणात नारळ सोलायची लोखंडी पहार होती, ती त्याने उचलली. एकच घाव. दुसऱ्या दिवशी तोमासी राजधानीत, अपियाच्या इस्पितळात दगावला, आणि फलानिको पोलिसांच्या कोठडीत गेला.

मग जो तो बोलायला लागला. गावच्या प्रमुखांच्या सभेने सेमिसीच्या कुळाला डुकरांचा आणि माशांच्या डब्यांचा दंड ठोकला, आणि गावातली सगळी गेमची यंत्रं चव्हाट्यावर जाळली. रेडिओवर मंत्रीसाहेब म्हणाले, पोरांवर लक्ष ठेवणं आईबापांचं काम आहे. पाद्री प्रवचनात कडाडले, असलं विष बंदरातून आत येऊ देतं कोण, सरकारच ना? अठरा वर्षांखालच्यांसाठी नाही असं त्या गेमच्या डब्यावर ठळक छापलेलं होतं म्हणे. ते वाचलं कुणी? सगळ्यांनी अंग काढून घेतलं. सेमिसीला पाद्र्यांचं बोलणं फार पटलं. बुडत्या माणसाने ओंडका धरावा तसं त्याने ते धरून ठेवलं.

"मौगाकाका, त्या गेमनेच केलं हे," तो कुळाच्या प्रमुखाला, आपल्या म्हाताऱ्या चुलत्याला म्हणाला. "माझं पोरगं असं नव्हतं. मी इओसेफोला समजावून सांगतो."

"काही सांगायचं नाही!" मौगाकाका खेकसले. "उद्या पहाटे आपण क्षमा मागायला त्यांच्या दारात जाऊन बसायचं. मी नि तू चटईखाली. मान खाली, तोंड बंद. त्यांनी चटई उचलली तर सुटलो. नाही उचलली तर सामान बांधून गाव सोडायचं, सगळ्या कुळाने. चाळीस माणसं आहेत आपली, लेकरंबाळं धरून. आणि त्यांनी क्षमा केली नाही तर कोर्टात तुझ्या पोराकडे कुणी दयेने बघणार आहे का? डोक्यात शिरतंय काही?"

 सेमिसी हो म्हणाला.

पहाटे सगळे इओसेफोच्या घरासमोर खडीवर बसले. पुढे मौगाकाका आणि सेमिसी, दोघांवर मिळून एकच चटई, कुळातली सगळ्यात जुनी, रेशमासारखी मऊ. मागे पेनिना आणि बाकीचे, माना घालून. समोर बिनभिंतींच्या घरात तोमासीला पांढऱ्या कापडात ठेवलेलं होतं.

ऊन वर आलं. चटईखाली अंधार, घाम आणि म्हाताऱ्याचा जड श्वास. गुडघ्यात खडी रुतत होती. हलायची सोय नव्हती. सेमिसीचा जीव नुसता टांगणीला लागला होता. घरातून बायकांचं रडणं येत होतं, मध्येच कुणीतरी दगडावर कोयता घासत होतं. तो आवाज ऐकून सेमिसीला वाटलं, घाला एकदाचा घाव आणि मोकळं करा.

मग पावलं वाजली. कुणीतरी अगदी जवळ येऊन बसलं.

"सेमिसीभाऊ." आवाज लागीचा होता, तोमासीच्या आईचा. रडून रडून बसलेला. "एवढंच सांगा. काय झालं हो माझ्या लेकराचं?"

मौगाकाकांनी त्याच्या मनगटावर बोटं रुतवली. पण सेमिसीच्या ओठावर ते वाक्य कधीचं येऊन थांबलं होतं.

"वहिनी, तो गेम... त्या गेमने पोरांची डोकी फिरवली. सरकारने तो यायलाच नको होता द्यायला. आम्हाला काय कळतंय त्यातलं!"

 लागी उठून गेली.

"मेल्या," मौगाकाका दातओठ खात पुटपुटले, "चाळीस जणांना घेऊन बुडालास."

मग इओसेफोची दणदणीत पावलं आली. "गेमने मारलं म्हणे! ऐकलंत का रे सगळ्यांनी? मग त्या गेमला आणा आणि बसवा चटईखाली! नाहीतर मंत्र्याला बोलवा अपियाहून, त्याला बसवा! तुम्ही कशाला गुडघे झिजवताय? तुमचा काय संबंध? जा घरी!"

मागे पेनिनाने हुंदका दिला. रस्त्यावर जमलेल्या माणसांत कुणीतरी हसलं. सेमिसीच्या कानशिलात रक्त उसळलं, रागाने नव्हे, लाजेने. काय बोलला होता तो! मेलेल्या पोराच्या आईला सरकारचं गाऱ्हाणं सांगत बसला होता!

आणि त्याने जे केलं ते आमच्या गावात कुणी कधी पाहिलं नव्हतं. चटई त्याने स्वतःच्या हाताने दूर केली. मौगाकाकांचं पांढरं डोकं उन्हात उघडं पडलं.  स्वतः चटई काढणं म्हणजे क्षमा नको म्हणणं. इओसेफोची मूठ हातातल्या कोयत्यावर आवळली.

"मी बघितलं होतं," सेमिसी म्हणाला. त्याला नीट दिसत नव्हतं, डोळ्यात घाम होता. "महिन्याभरापूर्वी. मी दार उघडलं. पडद्यावर माणसाचं डोकं फुटत होतं आणि फलानिको हसत होता. तोमासी भिंतीला टेकून बसला होता, त्याला बघवत नव्हतं. मला म्हणाला, काका, मी घरी जाऊ का? मी म्हटलं, बस रे, घाबरतोस काय पोरीसारखा. आणि दार लावून घेतलं. कारण एसीची हवा बाहेर जात होती."

 पेनिना नवऱ्याकडे बघत राहिली. तिलाही हे माहीत नव्हतं.

लागी खांबाला धरून उभी होती. ती पायऱ्या उतरून आली. सेमिसीला वाटलं, आता ही थोबाडीत मारणार. मारू दे. पण ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"मला येऊन म्हणाला होता," ती म्हणाली. इतकं हळू, की मागच्यांना ऐकू आलं नाही. "म्हणाला, आई, मला नाही जायचं फलानिकोकडे. रात्री झोप लागत नाही. मी म्हटलं, जा रे बाबा, इथं नको माझं डोकं खाऊ. तुमच्या खोलीत गेला की मला दोन घटका निवांतपणा मिळायचा. मीच पाठवायचे त्याला. मीच."

तिने खडीवर पडलेली चटई ओढली. सगळ्यांना वाटलं, आता घडी घालून घरात नेणार, म्हणजे माफ केलं. सेमिसीलाही तेच वाटलं. पण लागी त्याच्याशेजारी खडीवर बसली, मान खाली घातली, आणि चटई तिघांवर ओढून घेतली.

 हे कुठल्याच रीतीत बसत नव्हतं. इओसेफो कोयता घेऊन उभा होता. समोर खून करणाऱ्याचा बाप होता, म्हातारा प्रमुख होता आणि त्याची स्वतःची बायको होती, एका चटईखाली. तिचं थरथरणं चटईवरून दिसत होतं.

"लागी," तो म्हणाला. "ऊठ गं."

ती उठली नाही. आतून एवढंच म्हणाली, "तुम्ही उचला. नाहीतर मला इथंच राहू दे."

 इओसेफोने कोयता खाली ठेवला. वाकला, चटईचं टोक धरून ती उचलायला लागला. रडत रडत तो पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "मला का नाही सांगितलं त्याने? मला का नाही सांगितलं?"